तू खोटं वाचायलीस

माझी भाची साडेचार वर्षांची आहे. तिला वाचता येत नाही. स्वतःच्या नावातलं पहिलं अक्षर तेवढं ओळखते, तेही पाटीवर मोठं काढून दिलं तर. तरी मागच्या पावसाळ्यात तिनं मला वाचताना पकडलं.

नांदेडच्या एका पुस्तक प्रदर्शनातून मी तिच्यासाठी चिऊ-काऊच्या गोष्टीचं चित्रपुस्तक आणलं होतं. गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं आणि कावळा भिजत भिजत चिमणीच्या दाराशी येतो. चिमणी दार उघडत नाही. बाळाचं हे चाललंय, बाळाचं ते चाललंय, असं सांगत त्याला बाहेर ताटकळत ठेवते.

त्या रात्री मी त्या पानावर आले आणि लिहिलेलं सोडून म्हणाले, "कावळ्यानं हाक मारली आणि चिमणीनं लगेच दार उघडलं." पान उलटणार, तेवढ्यात तिनं पानावर हात ठेवला.

"कावळा तर बाहीरच हाय की."

चित्रात कावळा खरंच बाहेर होता. पंख अंगाला चिकटलेले, मान खाली, समोर बंद दार. मी म्हटलं, "हां, आता उघडेलच." तिनं माझ्याकडे पाहिलं, मग चित्राकडे, मग परत माझ्याकडे.

"तू खोटं वाचायलीस."

आत ताई हसली. मीही हसले. पण दिवा घालवल्यावर झोप येईना. खोटं बोलणं म्हणजे काय ते मला माहीत आहे, रोज थोडंफार बोलतेच. खोटं वाचणं ही त्याहून वेगळी गोष्ट आहे, हे मात्र मला अक्षरओळख नसलेल्या पोरीनं सांगितलं होतं.

*

मी असं का केलं, ते आधी सांगते.

माझं आजोळ लातूर जिल्ह्यातलं, औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, चारला थोडी मिनिटं कमी असताना, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, गावं थकून झोपली होती. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारी ती घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. सरकारी आकडा सुमारे आठ हजार माणसांचा आहे, इतर अंदाज दहा हजारांपर्यंत जातात. त्यात माझा धाकटा मामा होता. नऊ वर्षांचा.

मी जन्मले त्यानंतर. सुट्टीत आजीकडे जायचे तेव्हा ती गोष्टी सांगायची आणि तिच्या चिऊ-काऊच्या गोष्टीत चिमणी पहिल्या हाकेला दार उघडायची. कावळ्याला आत घ्यायची, चुलीपाशी बसवायची, अंग पुसायला फडकं द्यायची. त्या घरात काय काय होतं याचं वर्णनच मोठं असायचं. गोष्टीत भांडण नव्हतं, वाट पाहणं नव्हतं.

पुढे नांदेडला बालवाडीत मी सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट ऐकली आणि "असं नाही, असं नाही" म्हणून भांडले. सुट्टीत आजीला विचारलं. ती एवढंच म्हणाली, "मला तसं सांगवत नाही." पडक्या घराच्या बंद दाराशी काय झालं असेल, हे मी तिला कधी विचारलं नाही. आजही विचारणार नाही.

म्हणजे त्या रात्री मी पुस्तकातली गोष्ट काढून आजीची गोष्ट तिथं ठेवली होती. हेतू वाईट नव्हता. पण हेतू चांगला असला की काम चांगलं होतं का, हाच तर प्रश्न आहे.

*

लहान मुलांना कोणती गोष्ट सांगावी, हा वाद फार जुना आहे. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी प्लेटोनं 'रिपब्लिक'मध्ये सॉक्रेटिसच्या तोंडून म्हटलं, की दाया आणि आया मुलांना काय सांगतात त्यावर नगरानं लक्ष ठेवावं. चांगल्या गोष्टी निवडाव्यात, बाकीच्या टाकून द्याव्यात. कोवळ्या मनावर ठसा लवकर उमटतो, हे त्याचं कारण. आज तसं करणारं नगर नाही, पण प्रत्येक घरात एक छोटा प्लेटो आहे. राक्षस आला की तो आवाज हळू करतो. कोणी मेलं की "देवाघरी गेलं" म्हणतो. नाहीतर दोन पानं एकदम उलटतो.

प्लेटो बोलत होता ते सांगितलेल्या गोष्टींबद्दल. सांगणारीच्या तोंडाखेरीज तिथं दुसरं काही नसतं. चित्रपुस्तक आल्यावर मांडणीच बदलली. १६५८ साली कोमेनियस या शिक्षकानं मुलांसाठी 'ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस' नावाचं पुस्तक काढलं. त्यात चित्रातल्या वस्तूंना आकडे दिलेले होते आणि तेच आकडे मजकुरात त्या त्या शब्दाशी होते. शब्द खरा की खोटा, ते चित्रात बघून घ्यायची सोय. मुलांच्या चित्रपुस्तकांचा इतिहास सांगताना सुरुवात बहुधा इथूनच करतात.

या सोयीचा अर्थ मला भाचीनं पान धरलं तेव्हा कळला. बाकी कुठल्याही पुस्तकात वाचणाऱ्याच्या हातात सगळं असतं, ऐकणाऱ्याच्या हातात काही नसतं. चित्रपुस्तकात मात्र अर्धं पुस्तक वाचता न येणाऱ्याच्या मालकीचं असतं. मी अक्षरांवरून बोट फिरवत असते, तेव्हा ती चित्र वाचत असते, आणि माझ्यापेक्षा नीट वाचत असते. माझं लक्ष पुढच्या ओळीवर असतं, तिचं कावळ्याच्या पायाशी साचलेल्या डबक्यावर. वाचता न येणाऱ्यानं वाचता येणाऱ्याला रंगेहाथ पकडावं, असं दुसरं पुस्तक मला तरी माहीत नाही.

म्हणून चांगली चित्रपुस्तकं करणारे लोक चित्राला शब्दांची सजावट समजत नाहीत. माधुरी पुरंदरे मराठीत लिहितातही आणि आपल्या पुस्तकांची चित्रंही काढतात. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यांचं 'राधाचं घर' भाचीला वाचून दाखवताना मी शब्द संपवून थांबते, आणि ती अजून चित्रातच असते. तिला तिथून ओढून आणावं लागतं.

*

आता थोडी कबुली. वाचून दाखवताना आपण सगळेच फेरफार करतो.

रात्रीचे साडेदहा झालेले असतात, डोळे मिटत असतात, तेव्हा चार वाक्यांचं एक होतं. मुलाला पुस्तक पाठ असेल तर ते लगेच टोकतं. पुस्तक नवं असेल तर आपण सुटतो. हे मी फार मनाला लावून घेत नाही. झोप आलेल्या माणसाला एवढी सूट असावी.

दुसरा फेरफार भाषेचा. पुस्तकात लिहिलेलं असतं, "ती रडत आहे." आमच्या घरात कोणी रडत नसतं, आमच्याकडे सगळे "रडायले" असतात. पुस्तकातली आई विचारते, "काय करते आहेस?" आमची आई विचारते, "काय करायलीस?" मराठवाड्यातल्या लेकराला मराठी पुस्तक वाचून दाखवणं हे निम्मं भाषांतरच असतं. मी "रडत आहे" अशी ओळ बघून "रडायली" वाचते, तेव्हा तेही खोटं वाचणं झालं का?

मला तसं वाटत नाही, आणि याचं कारण मला चित्रातच सापडतं. चित्रातली मुलगी रडते आहे. "रडत आहे" म्हणा, "रडायली" म्हणा, चित्र दोन्हीला मान डोलावतं. कावळ्याच्या पानावर मी बोलले त्याला चित्रानं मान डोलावली नाही. एका बदलानं पुस्तक तिच्या जवळ आलं, दुसऱ्यानं पुस्तक तिच्यापासून लपलं.

पण इथंही एक गोम आहे. मी कायमच "रडायली" वाचलं, तर पुस्तक कसं बोलतं हे तिच्या कानावर कधी पडणारच नाही, आणि शाळेत गेल्यावर पहिलंच पान परक्या गावासारखं वाटेल. म्हणून हल्ली मी दोन्ही वाचते. आधी पुस्तकाचं, मग आपलं. तिला त्याची गंमत वाटते. "पुस्तक असं म्हणतंय, आपुन असं म्हणतो," हे तिचं आवडतं वाक्य झालंय.

हे वाक्य मला पुढे फार उपयोगी पडलं.

*

दिवाळीत आम्ही आजीकडे गेलो. नांदेडहून एसटीनं लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर, तिथून औशाची गाडी. पुस्तक भाचीच्या पिशवीत होतं. लातूरच्या दुकानांतून मुलांची पुस्तकं शोधायला गेलं तर आधी 'नीट'च्या पुस्तकांचे ढीग ओलांडावे लागतात, म्हणून ती घरूनच घेऊन निघते.

आजीचं आताचं घर पुनर्वसित गावात आहे. सरळ रस्ते, सिमेंटची घरं, ओळीनं. भूकंपानंतर ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली, त्यातलं हे एक. आजी ओसरीवर बसली होती. पणतीनं पुस्तक तिच्या मांडीवर टाकलं आणि सांगितलं, "वाच."

आजीला वाचता येत नाही. तिनं पुस्तक उघडलं आणि चित्रावर बोट ठेवून सुरू केलं. आभाळ आलंय बघ. हे शेणाचं घर, हे चाललं वाहून. बंद दाराच्या पानावर ती आली तेव्हा माझाच श्वास अडकला. भाचीनं तेवढ्यात चुगली केली, "मावशीनं इथं खोटं वाचली."

आजीनं माझ्याकडे पाहिलं. "इथं काय लिव्हलंय?"

मी सांगितलं.

"मग?"

"तूच तर तशी सांगायचीस, आजी. दार लगेच उघडलं म्हणून."

"मी तोंडानं सांगत होते. माझ्या हातात कागद नव्हता."

एवढं बोलून ती परत चित्राकडे वळली. पणतीला म्हणाली, "भिजलाय बिचारा," आणि पान उलटलं.

कागद हा शब्द आजी उगाच वापरत नाही. भूकंपानंतर घरातली माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती, तेव्हा तिच्यापुढे खूप कागद आले. मदतीचे, घराचे, जमिनीचे. आजोबा त्या पहाटेनंतर कित्येक दिवस धड बोलत नव्हते, म्हणून अंगठे तिनंच उठवले. त्यातला एक कागद ओळखीच्या माणसानं तिला वाचून दाखवला होता. वाचलं एक आणि लिहिलेलं दुसरंच होतं. वावराचा एक तुकडा त्यात गेला. तो माणूस कोण, हे तिनं आईलाही सांगितलेलं नाही.

महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहून पूर्ण केला. त्यात अक्षरशत्रू शेतकऱ्याला कागदपत्रांत कसं गुंडाळलं जातं, याची वर्णनं आहेत. शाळेत असताना मला तो इतिहास वाटायचा. ओसरीवर बसल्यावर लक्षात आलं, की त्यातली मूळ गोष्ट अगदी साधी आहे. एकाला वाचता येतं, दुसऱ्याला येत नाही. दुसरा पहिल्याला म्हणतो, वाचून दाखव. या मागणीत मोठा विश्वास असतो. अंगठा उठवणारी माझी आजी आणि मांडीवर बसलेली माझी भाची, वाचणाऱ्यासमोर दोघी एकाच जागी आहेत.

*

तुम्ही म्हणाल, हे जरा जास्तच झालं. जमिनीचा कागद कुठे, चिऊ-काऊ कुठे. त्या माणसानं स्वतःच्या फायद्यासाठी फसवलं, तू प्रेमापोटी एक वाक्य बदललंस. पोरीचं काय नुकसान झालं?

एका पानानं काहीच नुकसान झालं नाही, हे मला मान्य आहे. पण प्रेमापोटी हा शब्द मी नीट तपासून पाहिला. त्या रात्री भाची कावळ्याकडे शांतपणे बघत होती. ती घाबरली नव्हती, रडली नव्हती. बघवत नव्हतं ते मला. बंद दार माझ्या घरातलं होतं, तिच्या डोक्यात तसं काही नव्हतं. मी तिला वाचवत नव्हते, स्वतःला वाचवत होते आणि त्यावर तिचं नाव घालत होते. म्हणजे थोडा फायदा माझाही होता.

मुलांच्या नावानं मोठ्यांनीच घाबरायचं, हेही जुनंच आहे. मॉरिस सेंडाकचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' १९६३ साली अमेरिकेत आलं, तेव्हा त्यातले दात-नखांचे प्राणी पाहून बरीच मोठी माणसं बिचकली होती. मुलांनी ते पुस्तक डोक्यावर घेतलं. गोष्टीतला मुलगा त्या प्राण्यांचा राजा होतो आणि जेवायच्या वेळेला घरी परत येतो, हे मुलांनी नीट पाहिलं होतं.

दुसरं असं, की दोनेक वर्षांत भाची वाचू लागेल. हे पुस्तक तेव्हा कदाचित तिच्या हाताशी असेल. ती एकेक अक्षर लावत त्या पानावर येईल. मावशीच्या तोंडून आलं ते आणि कागदावर आहे ते एकच आहे का, हे तिला त्या दिवशी कळेल. वाचता येणं म्हणजे काय, याचा तिचा पहिला अनुभव 'अरे, मला फसवलं होतं' असा असावा, हे मला नको आहे.

तरी प्रश्न इथं संपत नाही. समजा, अंगणवाडीत वीस लेकरं बसलीत आणि त्यातल्या एकाचा बाप गेल्या महिन्यात गेलाय. आपल्या भागात हे समजा म्हणण्यासारखं तरी कुठे राहिलंय? हातातल्या पुस्तकात बाप मरतो. तरीही आहे ते वाचायचं? प्रामाणिकपणासाठी त्या लेकराच्या काळजावरून गाडी न्यायची?

नाही. ते पुस्तक त्या दिवशी उघडायचंच नाही. कोणतं पुस्तक निवडायचं, हा वाचणाऱ्याचा हक्क आहे. मध्येच थांबण्याचाही आहे. "हे पान आज मला वाचवत नाही," असं म्हणता येतं, आणि लेकरं ते समजून घेतात. आजीनं मला वेगळं काय सांगितलं होतं? "मला तसं सांगवत नाही." तिनं गोष्ट बदलली, पण बदलली हे विचारल्यावर लपवलं नाही. आणि पुस्तक मिटून, "आता मी माझी गोष्ट सांगते," असंही म्हणता येतं. पुस्तक मिटल्यावर गोष्ट तोंडाची होते, तिथं चिमणी हजार वेळा दार उघडू दे. नाही करायचं ते एकच. अक्षरांवर बोट ठेवून, इथं असं लिहिलंय असा आव आणून, दुसरंच सांगायचं नाही.

गंमत म्हणजे हीच अट मला माझ्या फोनमध्ये सापडली. प्रथम बुक्सनं २०१५ साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठीतही पुष्कळ चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, मीही वाचते. तिथल्या गोष्टी खुल्या परवान्याखाली असतात. म्हणजे त्या कोणीही घ्याव्यात, आपल्या बोलीत कराव्यात, बदलाव्यात. अट अशी, की मूळ कोणाचं ते सांगायचं आणि आपण बदल केला असेल तर तसं नोंदवायचं. बदलायला कोणाची हरकत नाही, बदल झाकायचा मात्र नाही. माझी आजी औशाजवळच्या ओसरीवर बसून जे म्हणाली, ते वकिलांच्या भाषेत तिथं लिहिलेलं होतं. भाचीच्या भाषेत सांगायचं तर, पुस्तक असं म्हणतंय, आपुन असं म्हणतो.

*

नांदेडला परत आल्यावर मी ते पान आहे तसं वाचलं. चिमणी काय काय कारणं सांगते, ते सगळं वाचलं. भाचीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चिमणी दार काहून उघडंना?"

मी म्हटलं, "पुस्तकात लिहिलेलं नाही. मलाही माहीत नाही."

"पणजीची चिमणी उघडती." आजीनं जाता जाता तिला स्वतःचीही गोष्ट सांगितली होती तर.

"हो. पणजीची उघडते."

ती बराच वेळ त्या बंद दाराकडे बघत बसली. मी फोन बघायला लागले. मान वर केली तेव्हा तिच्या हातात केशरी खडू होता आणि छापलेल्या दाराच्या कडेनं वरपासून खालपर्यंत एक वाकडीतिकडी जाड रेघ आली होती. दाराला फट पडली होती.

ताईनं पाहिलं आणि ती ओरडली, "नवं पुस्तक घाण केलीस ना!"

मी ताईला म्हटलं, राहू दे. छापलेलं दार खाली दिसतं आहे.